प्रभंजनच्या हाताचा नकाशा

मगदूमांच्या घरात त्या रविवारी जुंपली ती दुकानावरून. दुकान म्हणजे किराणामालाचं नव्हे हो, गेमचं. पन्नाशी ओलांडलेले दोन बाप्ये मिरजेतल्या एका घराच्या बाहेरच्या खोलीत बसून, गेम कोणत्या ऑनलाइन दुकानातून घ्यायचा यावर आवाज चढवून भांडत होते आणि आत हेमलता त्यांच्यासाठी पोहे परतत होती. हसू येतं ना? पण ही पिढीच तशी. शाळेत असताना हातात गेम आला तो सुटलाच नाही. केस पिकले, चष्मे जाड झाले, तरी संध्याकाळी तासभर खेळल्याशिवाय यांना जेवण गोड लागत नाही.

त्यातून प्रभंजन मगदूम पडला लिनक्सवाला. लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक सिस्टम, फुकट मिळतं म्हणून नव्हे. त्याच्या पोटात काय चाललंय ते उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं म्हणून. घरातला पंप, फाटक, दिवे, सगळं त्यानं स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायचं. बंद डब्यातली कुठलीही सिस्टम त्याला खपत नसे. आणि अशा माणसानं गेमचं दुकान निवडायचं म्हणजे सोयरीक जुळवण्यातला प्रकार. बऱ्याच ठिकाणी तोंडावर नकार, आणि जिथे होकार तिथे अटी.

"कट्ट्यावरून घेऊ," प्रभंजन म्हणत होता. कट्टा आणि मेळा ही त्या दोन दुकानांची नावं. "पैसे दिले की गेम माझ्या डिस्कवर. उद्या दुकान बुडालं तरी गेम माझा."

"आणि खेळणार कुणाबरोबर, भिंतीबरोबर?" इकबाल तांबोळी उसळला. हा त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त, राहायला जयसिंगपुरात, आणि तोही लिनक्सवालाच, पण जरा व्यवहारी. "कट्ट्यावर कुत्रं फिरकत नाही, प्रभ्या. सगळी गँग मेळ्यावर आहे."

"मेळा लिनक्सला विचारत नाही."

"दुभाष्या लाव की! आजपर्यंत काय केलं आपण?"

दुभाष्या म्हणजे एक प्रोग्राम. दुसऱ्या सिस्टमसाठी बनवलेल्या गेमचं बोलणं तो चालता चालता लिनक्सला समजावून सांगतो. लिनक्सवाल्यांचं निम्मं आयुष्य या दुभाष्यावर निघालेलं.

भांडणात खरी मेख वेगळीच होती. गेल्या दिवाळीपासून प्रभंजनच्या उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तीन डॉक्टरांनी सांगितलं तेच चौथ्यानं सांगितलं. हलवायचा हुकूम नेणाऱ्या नसा सुकत चालल्या होत्या आणि त्यावर औषध नव्हतं. बटणं दाबून खेळायचे दिवस संपले होते. आता मनगटी पट्ट्यावर खेळायचं, आणि पट्टा जसा मेळ्यावर चालायचा तसा कट्ट्यावर चालत नव्हता. तिथे तो तुमच्या एकट्याच्या मशीनवर शिकायचा, म्हणजे अगदीच ढ. मेळ्यावर लाखो लोकांच्या हातांवर तालीम झालेली.

हेमलतानं पोह्यांच्या बशा दाणकन टेबलावर ठेवल्या. "अहो, तत्त्वं काय उशाला घेऊन झोपायचंय? माणसं जिकडे आहेत तिकडे जावं. भाऊजी, घ्या मेळ्यावरूनच."

प्रभंजननं बायकोकडे पाहिलं. या एका बाबतीत त्यानं जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. "बरं बाई," तो म्हणाला, आणि मेळ्यावर खातं उघडलं.

गेमचं नाव 'घाटरस्ता'. ट्रक चालवायचा, माल लादायचा, घाट चढायचे. वर्गात भूगोल शिकवणाऱ्या हेमलताला त्यात काय एवढं ते कधी कळलं नाही. पण नवरा आंबा घाटात इकबालला ओव्हरटेक करून शिव्या हासडायचा तेव्हा तिला बरं वाटायचं.

आता हा पट्टा काय करायचा ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बोट हलवायचं मनात आलं की मेंदूकडून हुकूम निघतो, नसेतून स्नायूपर्यंत येतो आणि तिथे विजेची बारीकशी लहर उठते. पट्टा ती लहर कातडीवरून टिपतो. बोट प्रत्यक्षात हललं नाही तरी चालतं; हुकूम पोचला एवढं पुरे. कुठली लहर म्हणजे कुठला हुकूम, हे मात्र शिकावं लागतं. त्या शिकण्यातून जे तयार होतं त्याला मेळ्यावर 'नकाशा' म्हणत, आणि प्रत्येक खेळाडूचा नकाशा मेळ्याच्या सर्व्हरवर असे.

प्रभंजनच्या बाबतीत जे घडलं त्याचा कुणी विचारच केला नव्हता. त्याच्या लहरी हळूहळू विरत गेल्या आणि नकाशाही त्यांच्याबरोबर हळूहळू बदलत गेला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं बोबडं बोलणं घरच्यांना बरोबर कळतं, पाहुण्याला एक अक्षर कळत नाही, कारण घरच्यांनी ते रोज थोडं थोडं बिघडताना ऐकलेलं असतं. तसंच हे. दोन वर्षांनी हात पांढऱ्या चादरीवर निपचित पडलेला असायचा, दवाखान्यातल्या मशीनला त्यात काही सापडायचं नाही, आणि 'घाटरस्ता'त प्रभंजनचा ट्रक झोकात वळण घेत असायचा.

मग जीभ गेली. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रं होती बाजारात, पण या मेल्या आजारानं बुबुळंही सोडली नाहीत. समोरचं दिसायचं, पण ती हवी तिकडे वळायची नाहीत, जागच्या जागी थरथरायची. मेंदूत बसवायची चकती त्याच्या दुबळ्या हृदयाला झेपणारी नव्हती. हेमलता चार दिवस मुकाट रडली. पाचव्या दिवशी इकबाल आला आणि म्हणाला, "वहिनी, ट्रकमध्ये वायरलेस आहे की!"

गेममधले ड्रायव्हर एकमेकांना वायरलेसवर निरोप पाठवत. प्रभंजन स्टिअरिंग फिरवून अक्षरं निवडायचा. इकबालनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो हे निरोप उचलायचा आणि जुन्या रेकॉर्डिंगवरून बनवलेल्या प्रभंजनच्याच आवाजात खोलीत बोलून दाखवायचा. पहिलं वाक्य आलं तेव्हा हेमलता स्वयंपाकघरात होती.

"हेमा, आमटी करपली."

ती हातातली पळी टाकून धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. आमटी खरंच करपली होती.

त्यानंतर घर पुन्हा बोलतं झालं. तो इकबालला शिव्या द्यायचा, बातम्यांवर तोंडसुख घ्यायचा, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या हेमलताला हळूच सांगायचा, "त्या पोराला दोन मार्क जास्त दे, गरीब दिसतंय." एकाच विषयावर बोलायचा नाही. डॉक्टर आरवाडे दर भेटीला तो विषय काढायचे.

"मगदूम, श्वास कमी पडायला लागला की गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागेल आणि मशीनवर जायचं. एकदा बसवली की माणसं वर्षानुवर्षं जगतात, पण अशीच पडून. नको असेल तर नको, मग आम्ही त्रास होऊ देणार नाही. ते तुम्ही सांगायचं. वहिनींनी नाही."

"सांगतो," ट्रकमधून आवाज यायचा. "घाई काय आहे?"

डॉक्टर गेल्यावर हेमलता कधी त्याला विचारायची नाही. तिला उत्तराची धास्ती वाटायची, दोन्ही उत्तरांची.

आणि मग मेळ्याचा निरोप आला. गेममध्ये लबाडी करणारे माजलेत, हाताऐवजी मशीनं बसवून खेळतात, त्यामुळे पुढच्या महिन्यापासून प्रत्येक खेळाडूच्या सिस्टमच्या गाभ्यात दुकानाचा 'पहारेकरी' नावाचा प्रोग्राम बसेल. लिनक्सवर पहारेकरी मिळणार नाही, कारण लिनक्सवर खेळणारे मूठभर. गैरसोयीबद्दल दिलगिरी.

हेमलतानं स्वतः फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग दुसरं यंत्र, मग शेवटी एक खरीखुरी मुलगी. आवाजावरून भली वाटली.

"मॅडम, तुम्ही मान्यताप्राप्त मशीन घ्या. खातं चालू राहील."

"आणि नकाशा?"

"नकाशा आमच्या सर्व्हरवर असला तरी जुन्या मशीनशी बांधलेला असतो. नव्या मशीनवर नवा बनेल. सोपं असतं, मूठ आवळायची, बोटं पसरायची…"

"बाळ, त्यांना मूठ आवळता येत असती तर मी तुला फोन कशाला केला असता?"

मग मुलगी म्हणाली, "मग जुना नकाशा उतरवून द्यायची विनंती करून बघते." पाच मिनिटांनी परत आली ती पडलेल्या आवाजात. हातातून निघालेल्या लहरी ग्राहकाच्या, त्या केव्हाही मागून घ्या. पण त्यांवरून बनलेला नकाशा दुकानाच्या मालकीचा, तो बाहेर देता येत नाही. वैद्यकीय कारणावरून सूट मागता येईल. निर्णयाला काही आठवडे लागतील. तोवर नकाशा गोठवून ठेवतील, सुरक्षित.

"गोठवून काय करायचंय!" इकबाल कडाडला. "लोणचं घालायचंय? ह्याच्या नसा थोड्याच गोठणार आहेत? महिन्याभरानं नकाशा उठेल तेव्हा ह्याची लहर कुठल्या कुठं गेलेली असेल. त्याला ओळखही पटायची नाही."

"मग?"

इकबालनं प्रभंजनकडे पाहिलं, आणि हेमलतानं त्या दोघांचं कॉलेजमधलं तोंड कसं असेल ते त्या क्षणी पाहिलं. "मुखवटा चढवू. पहारेकऱ्याला वाटेल आपण त्याच्याच सिस्टमवर आहोत. दुभाष्याचाच थोरला भाऊ. आयुष्यभर दुसरं काय केलंय आम्ही?"

"आणि पकडलं तर?"

"खातं बंद." इकबालनं नजर चुकवली. "आणि नकाशा पुसतात. लगेच."

हा नियम तसा वाईट नव्हता बरं का. लोकांनीच भांडून मागून घेतला होता. खातं बंद झालं की माणसाच्या शरीराची माहिती दुकानाकडे राहता कामा नये, ती तत्काळ नष्ट व्हावी, म्हणून. प्रभंजननं स्वतः त्या मागणीवर सही केली होती.

"तुम्ही सांगा," हेमलता नवऱ्याला म्हणाली. "अर्ज करून वाट बघायची, का हे?"

ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला. अक्षरं एकेक करून निवडली गेली. "वाट बघायला वेळ कुणाकडं आहे? चढव इक्क्या. आजवर कुणाच्या बापाला पकडता आलं नाही आपल्याला."

इकबालनं आठवडाभर मगदूमांकडेच मुक्काम ठोकला. चहावर चहा ढोसत, खुर्चीत पाय वर घेऊन बसायचा आणि प्रभंजन ट्रकमधून त्याच्या चुका काढायचा. "तिसरी ओळ बघ, आंधळ्या." पहारेकरी बसायचा दिवस उजाडला. इकबालनं डोळे मिटून बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली: सिस्टम मान्यताप्राप्त.

काय तो जल्लोष! इकबाल खोलीभर नाचला. ट्रकचा हॉर्न एवढा वाजला की शेजारच्या बाई खिडकीतून ओरडल्या. हेमलतानं शिरा केला आणि प्रभंजनच्या ओठांना नुसता लावला.

ते दिवस फार गोड गेले. इतके गोड की हेमलता त्यांना हात लावायलाही भीत होती. श्वास उथळ होत चालला होता, आरवाडे सांगून गेले होते की आता विचारून ठेवा. ती रोज ठरवायची, आणि रोज म्हणायची, आज नको, आज किती खुशीत आहेत.

एका संध्याकाळी त्यानंच काढलं.

"हेमा. बस जरा. नळीचं बोलू."

ती कणकेच्या हातांनी दारात उभी होती. पडद्यावर इकबालचा ट्रक पुढच्या वळणावर दिवे लावून उभा होता, जयसिंगपुरातून. "अहो, उद्या बोलू ना," ती म्हणाली. "भाऊजी थांबलेत तुमच्यासाठी. जाऊन या आधी घाट उतरून."

ट्रकचं इंजिन सुरू झालं. मग, "बरं बाई."

आणि तो घाट उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंघोळ केली, केस पुसले, खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसली. मनाशी पक्कं केलं होतं, काय म्हणतील ते ऐकायचं, रडायचं नाही. पडदा लावला. ट्रक दिसत नव्हता. दुकानाच्या निळ्या पाटीवर दोन ओळी होत्या. या खात्यावरील खेळाडू मानवी नसल्याचे आढळले आहे. खाते बंद करण्यात आले असून शारीरिक माहिती नष्ट करण्यात आली आहे.

तिनं इकबालला फोन केला. तो आला तेव्हा चपलाही धड घातल्या नव्हत्या. लॅपटॉप मांडीवर घेऊन तासभर काहीबाही बघत राहिला, आणि मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"मुखवटा पकडलाच नाही पहारेकऱ्यानं, वहिनी! सिस्टमवर संशयच नाही. त्यानं हात पकडलाय. इतकी बारीक, इतकी एकसारखी लहर जिवंत माणसाच्या हातातून येऊच शकत नाही म्हणतोय. मशीन लावलंय म्हणतोय. लिनक्स नसतं तरी हेच झालं असतं. अर्ज केला असता तर निदान कुणा माणसानं कागद बघितला असता…" एवढा मोठा माणूस, पलंगाच्या कडेला बसून लहान पोरासारखा हुंदके देत राहिला. "प्रभ्या, लेका, माफ कर मला."

प्रभंजन छताकडे पाहत होता. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तर नेहमीच असायचं. पापण्या मिटायच्या नाहीत म्हणून.

हेमलतानं पुन्हा फोन लावला. त्याच भल्या मुलीपर्यंत पोचायला दोन दिवस गेले. तिनं खरंच धावपळ केली, हे नाकारून चालणार नाही. दवाखान्याचे कागद वर पाठवले, वरच्यांच्या मागे लागली. चूक मान्य झाली. मेळ्यानं मनापासून क्षमा मागितली, खातं सन्मानानं परत दिलं, वर 'घाटरस्ता'चा नवा भाग भेट म्हणून दिला. इकबालनं पट्टा प्रभंजनच्या मनगटावर बांधला आणि खातं उघडलं. रिकाम्या पडद्यावर एक हसरा हात उमटला.

स्वागत आहे, प्रभंजन! सुरुवात करण्यासाठी मूठ आवळा.

तिघंही बघत राहिले. हात पडद्यावर मूठ आवळून दाखवत होता, उघडत होता, पुन्हा आवळत होता.

"करा हो," हेमलता कुजबुजली. "मनात आणा नुसतं. अहो, करा ना."

इकबाल तिचा खांदा धरून तिला बाहेर घेऊन गेला.

त्या आठवड्यातच श्वास अडला. ओठ निळे पडले, छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हेमलता त्याच्या तळव्यांना वेड्यासारखी चोळत राहिली. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये आरवाडे तिच्यासमोर उभे राहिले.

"वहिनी, वेळ नाही. नळी बसवायची का? त्यांनी काही सांगितलं होतं?"

तिच्या डोळ्यांपुढे तो थांबलेला ट्रक आला. काय सांगणार होते हे? पंचवीस वर्षांचा संसार, चहात साखर किती इथपासून मतदान कुणाला इथपर्यंत तिला सगळं ठाऊक, आणि हे तेवढं माहीत नव्हतं. दाराच्या फटीतून त्याचे पाय दिसत होते, ओळखीचे, टाचा भेगाळलेले. ते पाय उद्या नसतील, हा विचार तिला सहन झाला नाही.

"हो," ती म्हणाली. "बसवा म्हणाले होते."

"नक्की?"

"नक्की. माझ्याशी बोलले होते."

नळी बसली. मशीन श्वास घेऊ लागलं, छाती ठरल्या तालावर उठू लागली, गालांवर रंग आला. घरी आणलं तेव्हा आरवाडे म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे, दहा वर्षंसुद्धा काढतील.

इकबालनं हार मानली नव्हती. कट्ट्यावरच्या लोकांकडून पट्ट्याचा उघडा प्रोग्राम आणून त्यानं तो प्रभंजनच्या जुन्या मशीनवर चढवला. नकाशा नव्हताच, नुसत्या कच्च्या लहरी पडद्यावर रेघेसारख्या दिसायच्या. एका दुपारी त्यानं हेमलताला हाक मारली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, हे बघा. आधी मला नुसती खरखर वाटली. पण चार दिवस बघतोय. एकच ठसा आहे, परत परत. थांबतो, आणि पुन्हा तोच. हा झोपेतला झटका नव्हे. हा सारखं एकच काहीतरी म्हणतोय."

"काय?"

"कुणाला कळणार? नकाशाच नाही."

पडद्यावर रेघ उठली, दुमडली, खाली बसली. मशीननं एक श्वास घेतला. रेघ पुन्हा उठली, अगदी तशीच. हेमलता तिच्याकडे पाहत उभी होती. नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस तिला होईना.

"भाऊजी," ती म्हणाली, "बंद करा ते."

"वहिनी, पण तो बोलतोय…"

"मला कळतंय ते. बंद करा."

इकबालनं पडदा बंद केला. मग त्यानं पट्ट्याची पकड सैल केली आणि तो मनगटावरून काढून घेतला.